आपल्या खानदेशचा इतिहास गावापर्यंत पोचवायचा कसा?

गिरणाकाठ

राम राम मंडळी.

पाटणादेवीला आपल्यापैकी बहुतेक जण जाऊन आले असतील. दर्शन होतं, धबधबा बघून होतो, डबा खाऊन होतो. भास्कराचार्यांचं नाव या पाटणशी जोडलेलं आहे, हेही सगळे अभिमानाने सांगतात. पण तिथल्या शिलालेखात काय लिहिलंय हे विचारलं की माणसं गप्प होतात.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचा 'सिद्धान्तशिरोमणी' आणि इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला. तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने शके 1128 मध्ये, म्हणजे 1206-07 च्या सुमारास, त्या मठाला दान दिलं. हे सगळं दगडावर कोरलेलं होतं. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो लेख वाचला. लेख संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग जुन्या मराठीत: "इयां पाटणीं जें केणें उघटे…" पाटणच्या बाजारात जो माल विकायला उघडेल, त्यावरचा राजाकडे जाणारा कर मठाला दिला, असा त्याचा अर्थ. आठशे वर्षांपूर्वी चाळीसगाव तालुक्यातल्या बाजारपेठेच्या पैशावर गणिताची शाळा चालत होती!

ही माहिती संशोधकांच्या पुस्तकांत कधीपासून आहे. पायथ्याच्या गावांतल्या शाळकरी पोरांपर्यंत ती आलेली नाही. त्यांच्यापर्यंत येतात ते फॉरवर्ड, आणि त्यात कुणी वाचलं, कुठे वाचलं, यातलं काहीच नसतं.

दुसरी बाजू जास्त वाईट आहे. आमच्या शेजारच्या एका गावात मारुतीच्या पाराजवळ दोन वीरगळ होते. जीर्णोद्धारात त्यांना आधी ऑइलपेंट लागला, मग ते ओट्याच्या सिमेंटमध्ये गेले. करणाऱ्यांनी भक्तीनेच केलं. हा दगड गावासाठी लढून मेलेल्या माणसाचा आहे, हे कुणी वेळेत सांगितलं असतं तर तीच माणसं त्याच्यासाठी पदरमोड करून चौथरा बांधती.

बातमी पुराव्यासकट आणि वेळेत गावात पोचली तर दगड वाचतो, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या गावात काय केलंत, काय जमलं, काय नाही, ते सांगा.

धुळेकर_गल्ली४

महत्त्वाचा विषय काढलात दादा.

फॉरवर्डचं म्हणाल तर आमच्या धुळ्याचं घ्या. "धुळे शहराची आखणी सर विश्वेश्वरय्यांनी केली" हा मेसेज दर 15 सप्टेंबरला अभियंता दिनी फिरतो. जुन्या धुळ्याच्या सरळ, क्रमांकांच्या गल्ल्या बघून कुणालाही ते पटतं. पण ती पेठ 1819 मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्जने आखली. विश्वेश्वरय्यांचा जन्म 1861 चा. 1884 मध्ये ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि सुरुवातीच्या काळात धुळ्याकडे होते. पांझरेच्या पाटबंधाऱ्याचं त्यांचं काम खरं आहे, आणि तेवढंही आपल्याला मिरवायला पुरेसं आहे.

मी चिडून उत्तर देत नाही. 1880 च्या खानदेश गॅझेटियरमधल्या (इंग्रज सरकारने छापलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ) धुळ्याच्या पानाचा फोटो टाकतो आणि खाली तीन ओळी मराठीत लिहितो. आता आमच्या गल्लीच्या ग्रुपवर काही नवीन आलं की लोकच विचारतात, "पान कुठंय?"

भरीतप्रेमी

"पान कुठंय?" हे प्रत्येक ग्रुपच्या डोक्यावर लिहून ठेवा. पानपट्टीवाल्यांना पण आनंद होईल 😄

तापीमाई

मी शहादा तालुक्यात शिक्षिका आहे. प्रकाशे आमच्याजवळ. दक्षिण काशी म्हणून दूरदूरची माणसं तापी-गोमाईच्या संगमावर येतात, पण तिथल्या टेकाडावर 1955 मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केलं होतं, हे पोरांना माहीत नव्हतं. मी वर्गात एवढंच सांगितलं की इथे लोखंड यायच्या आधीची, दगडी पात्यांची आणि तांब्याची वस्ती सापडली, नक्षी काढलेली मडकी सापडली, आणि पुढे हजारो वर्षं माणसं त्याच जागी राहत आली. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग खापरं घेऊन हजर!

मग त्यांना समजावलं की खापर जिथे पडलंय तिथेच त्याला किंमत असते. उचलून दप्तरात घातलं की ते कुठल्या थरातलं हे कुणालाच कळत नाही. सगळी परत ठेवून आलो. आता ती पोरं फोटो काढून आणतात, शेजारी सहा इंची पट्टी ठेवून.

नंदुरबारचंही सांगते. 9 सप्टेंबर 1942 ला झेंडा घेऊन निघालेल्या मुलांवर गोळीबार झाला, त्यात शिरीषकुमार गेला हे सर्वांना पाठ. त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम हेही गेले. आम्ही मुलांना माणिक चौकातल्या स्मारकापाशी नेऊन पाचही नावं मोठ्याने वाचून घेतो. त्या दिवशी घरी जाऊन मुलं आजोबांना प्रश्न विचारतात, आणि मग आजोबांकडून जे येतं ते कुठल्याच पुस्तकात नसतं.

बोरीकाठी

तुमचं सगळं पटतं, पण मी वेगळं बोलणार आहे. बातमी पसरवणं धोक्याचंही आहे.

आमच्या भागात शिवारातल्या एका पडक्या मंदिराचे फोटो कुणीतरी हौसेने टाकले. गावाचं नाव, गटनंबर, जायचा रस्ता, सगळं. पुढच्या अमावास्येनंतर नंदीच्या खाली कंबरभर खड्डा. गुप्तधनवाले! लिंबू, गुलाल, नारळ तिथेच टाकून गेले होते. नंदीचं शिंग तुटलं. शतकानुशतकं जे कुणी बिघडवलं नाही ते एका पोस्टने बिघडलं. गावातल्या मोजक्या म्हाताऱ्यांना माहीत असणं हेच कधीकधी संरक्षण असतं.

गिरणाकाठ

@बोरीकाठी, धोका खरा आहे. पण मोजक्या म्हाताऱ्यांना माहीत होतं म्हणूनच आमचे वीरगळ सिमेंटमध्ये गेले ना? ती पिढी गेली आणि सांगायला कुणी उरलं नाही. उघड पोस्टमध्ये फक्त तालुका लिहावा. नेमकी जागा ग्रामपंचायत, शाळा आणि नाशिकच्या पुरातत्त्व कार्यालयाला कळवावी. गावाला आधी कळलं पाहिजे, जगाला नंतर.

बोरीकाठी

"गावाला आधी" हे मान्य. जागेचा पत्ता टाकायला माझा विरोध कायम.

पोलिसपाटलांचा_नातू

गुप्तधनाचा विषय निघालाच आहे तर कायदाही लिहितो. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेलं दहा रुपयांवरच्या किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. विहीर खणताना नाण्यांचं मडकं लागलं की लोक घाबरतात किंवा सोनाराकडे धावतात. सोनाराने आटवलं की राजा कोण, टांकसाळ कोणती, सगळं एका मुशीत संपलं.

माजी_सरपंच

मी सरपंच होतो म्हणून लोकांची दुसरी भीतीही सांगतो. "सरकारला कळवलं तर पुरातत्त्ववाले येतील, शंभर मीटरमध्ये वीटही लावू देणार नाहीत." या भीतीपायी लोक मूर्तीवर माती लोटतात. मी डोळ्यांनी बघितलंय. घरकुल मंजूर झालेल्या माणसाला तुम्ही वारसा शिकवाल का आधी?

धुळेकर_गल्ली४

आप्पा, भीती समजते. पण शंभर मीटरची बंदी आणि त्यापुढच्या दोनशे मीटरचं नियमन हे केंद्राने संरक्षित घोषित केलेल्या स्मारकांना लागू आहे, जशी सुदैवाने टिकलेली आपली साक्री तालुक्यातली बळसाण्याची जुनी मंदिरं. बांधावरच्या वीरगळाची माहिती कळवली म्हणून तो आपोआप संरक्षित स्मारक होत नाही. 1958 च्या कायद्यात तशी घोषणा करण्याआधी दोन महिन्यांची नोटीस काढावी लागते आणि हरकती ऐकाव्या लागतात. हे ग्रामसभेत समजावून सांगायला हवं. लपवण्यापेक्षा ते सोपं आहे.

माजी_सरपंच

हे असं कुणी आम्हाला तेव्हा सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. छापून आमच्या ग्रामपंचायतीत लावतो.

पावरादाजी

सगळं वाचलं. शिलालेख, मंदिर, किल्ला, पेठ. आमचा सातपुडा यात कुठे आहे?

आमच्याकडे कोरलेले दगड कमी, पण इतिहास कमी नाही. खाज्या नाईक सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा माणूस. 1857 मध्ये तोच इंग्रजांवर उलटला, सरकारी खजिना लुटला. 11 एप्रिल 1858 ला आंबापाणीला मोठी लढाई झाली, भिल्ल पुरुष मारले गेले, बायकांना धरून नेलं. शिरपूरच्या पलीकडे हे लोकांच्या तोंडी आहे. खाली मैदानात किती जणांना आंबापाणी माहीत आहे?

आणि धुळेकर भाऊ, "पान कुठंय" हे ठीक आहे, पण ते पान कुणी लिहिलं तेही विचारा. गॅझेटियरमध्ये आमची माणसं लुटारू म्हणून येतात. 1825 मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, त्याचं साहेबाने कौतुक लिहिलंय. ज्यांचं जंगल गेलं त्यांचं म्हणणं लिहून ठेवायला तिथे कुणी नव्हतं. ते आमच्या गाण्यांत आणि म्हाताऱ्यांच्या गोष्टींत आहे. त्यालाही पुरावा म्हणणार असाल तर मी तुमच्याबरोबर आहे.

गिरणाकाठ

दाजी, तुम्ही धागा जिथे न्यायला हवा होता तिथे नेलात. गाणं आणि गोष्ट हाही पुरावा धरायचा. कुणी सांगितलं, कुठल्या पाड्यावर, कुणाकडून ऐकलेलं, एवढं त्याच्याबरोबर लिहायचं. तुमच्याकडच्या गोष्टी तुम्हीच लिहा, तुमच्याच भाषेत. मराठी अर्थ खाली द्या.

तापीमाई

+1. दाजी, आमच्या शाळेत याल का? अर्धा वर्ग भिल्ल-पावरा मुलांचाच आहे. त्यांना हे घरच्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळायला हवं.

पावरादाजी

येईन ताई. पावसाळा सरू द्या, रस्ता नीट होऊ द्या.

फडकरी

आमचा वारसा वाहतो! पांझरेवरचे फड बंधारे कुणी लिहीत नाही. साक्री-धुळ्याकडच्या म्हाताऱ्यांना विचारा. नदीवर दगडी बंधारा, तिथून पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, एका वर्षी या फडात ऊस तर दुसऱ्यात गहू-हरभरा, पुढच्या वर्षी बदल. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, त्यांचा मोबदला सगळ्यांनी मिळून द्यायचा. पाणी कमी पडलं तर कमी फड भिजायचे, पण ठरवायचे सगळे मिळून. काहीशे वर्षं हे गावांनी स्वतः चालवलं. मोठी धरणं आली, विहिरींवर मोटारी बसल्या, आणि पुष्कळ ठिकाणी फड मोडले.

बंधाऱ्याचा दगड सुटला की लोक घराच्या पायाला नेतात. त्याला शेंदूर नाही, मूर्ती नाही, म्हणून कुणी अडवत नाही. याची बातमी करा.

भरीतप्रेमी

फडकरी दादा, यावर वेगळा धागा काढा, हात जोडून विनंती. आमच्याकडे वरणगावला आजोबा नुसतं "फडावरचा गहू" म्हणायचे, आज अर्थ लागला.

चिमठाण्याचा_भाचा

माझं आजोळ शिंदखेडा तालुक्यात. 14 एप्रिल 1944 ला साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या क्रांतिकारकांनी चिमठाण्याजवळ सरकारी खजिन्याची गाडी लुटली, साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम. बाहेर हे साताऱ्याच्या इतिहासात सांगतात. पण धुळ्याकडच्या माणसांनी त्यांना लपवलं, रस्ता दाखवला, भाकरी पोचवली, त्यांची नावं फक्त घराघरांत आहेत. आमच्या मामांनी ती वहीत लिहून काढली. ती वही धुळ्याला राजवाडे मंडळात दाखवावी का?

धुळेकर_गल्ली४

जरूर दाखवा. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव फिरून, दफ्तरांची गाठोडी उलगडून कागद जमवले. 31 डिसेंबर 1926 ला ते धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी मंडळ उभं राहिलं. जाण्याआधी वहीचं प्रत्येक पान उजेडात, सावली न पाडता, फोनवर टिपून ठेवा. मूळ वही मात्र घरीच राहू द्या, लॅमिनेशन करू नका! प्लास्टिकमध्ये तापवून बंद केलेला कागद पुन्हा सोडवता येत नाही.

पीजेचा_प्रवासी

थोडं अवांतर. पाचोरा-जामनेर नॅरोगेज, आमची पीजे. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर. शाळेला, बाजाराला, लग्नाला तीच. ती पुठ्ठ्याची तिकिटं, स्टेशनमास्तरांचे कंदील, हा वारसा धरायचा का?

लेवाकन्या

का नाही धरायचा? शेंदुर्णीला मावशीकडे आम्ही त्याच गाडीने जायचो. तिकीट असेल तर फोटो टाका आणि तारखेची बाजूही टाका.

केळीबाग

अवांतरात भर. चाळीसगावला उतरलात तर केकी मूस यांचं घर बघाच. स्टेशनपासून जवळ आहे. एवढा मोठा छायाचित्रकार, जवळजवळ आयुष्यभर त्या घरातून बाहेर पडला नाही. 1989 ला गेले. चाळीसगावच्या माझ्या मित्रांपैकी निम्म्यांनी ते आतून पाहिलेलं नव्हतं. मी धरून नेलं, आता ते पाहुण्यांना नेतात. मला वाटतं बातमी पसरवायचा हाच खात्रीचा रस्ता: एका माणसाला हाताला धरून न्यायचं.

बोरीकाठी

@केळीबाग, हे मला फोटो टाकण्यापेक्षा शंभर पटीने पटलं.

लेवाकन्या

मूळ प्रश्नाकडे येते. बायकांकडे जे आहे ते या यादीत अजून आलेलं नाही.

बहिणाबाईंची गाणी आज आपल्याकडे आहेत, कारण सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने ती ऐकून लिहून घेतली. 1951 ला बहिणाबाई गेल्या, पुढच्या वर्षी गाणी पुस्तकात आली. लिहून घेणारं कुणी घरात नसतं तर त्यांच्या माहेरच्या असोद्याचं नाव आपण फक्त वांग्यासाठी घेतलं असतं. धुळ्याच्या तुरुंगात 1932 मध्ये विनोबांनी गीतेवर दिलेली प्रवचनंही साने गुरुजींनी लिहून घेतली म्हणूनच आपल्याला वाचायला मिळतात.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खानदेशची देवी कानबाई घरोघर बसते. प्रसादाचे रोट होतात, रात्रभर अहिराणी गाणी होतात. माझ्या सासूबाईंना येतात तेवढी मला येत नाहीत, मुलीला तर दोन ओळीही नाहीत. हल्ली डीजे लावतात, म्हाताऱ्या बायका कोपऱ्यात बसून राहतात. एखादं देऊळ पडलं तर निदान पेपरात फोटो येतो. एक आजी गेली की तिच्याबरोबर किती गाणी गेली हे घरालाही कळत नाही.

भरीतप्रेमी

ताई, असोद्याच्या वांग्याला कमी लेखू नका, बाकी शब्दन् शब्द मान्य 🙏

अहिर_आप्पा

ताई, एकदम खरं. मनी माय भी अशीच गाये. आते कोन गास?

गिरणाकाठ

सगळ्यांचं वाचून आमच्या गावापुरतं असं ठरवलंय. दगडावर अक्षरं दिसली तर खडू, पीठ, हळद, तेल काही लावायचं नाही. अंधार पडल्यावर बॅटरी एका बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून धरायची. आडव्या उजेडात झिजलेली अक्षरं उठून दिसतात. फोटोत पट्टी हवी. वीरगळ असेल तर खालून वर सगळे कप्पे घ्यायचे: खाली लढाई किंवा गाईंचा कळप, मध्ये अप्सरा वीराला नेताना, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. जीर्णोद्धाराची वर्गणी सुरू झाली की त्याच आठवड्यात समितीला भेटायचं, पायरी बसल्यावर नाही. आणि ग्रामसभेत एक पान वाचायचं. वर्षातून चार ग्रामसभा तर ठरलेल्याच असतात.

2 ऑक्टोबरला पहिलं पान बहाळच्या लेखाचं वाचणार आहे. शके 1144, म्हणजे 1222. भास्कराचार्यांच्या भावाचा नातू अनंतदेव, तोही सिंघणाचा ज्योतिषी, त्याने बहाळला भवानीचं देऊळ बांधलं त्याचा लेख. बहाळचं कुणी आहे का इथे?

कापूसवेचा

मी बहाळचा, सध्या पुण्यात. गावातल्या चुलतभावाला कळवतो, तो शाळेच्या समितीवर आहे. आमच्याकडे 1950 च्या दशकात उत्खननही झालं होतं. तेही त्याच पानात घ्या, दादा.

गिरणाकाठ

घेतो. चुलतभावांना म्हणावं, गावात ज्यांनी ते खोदकाम लहानपणी बघितलं असे कुणी हयात असतील तर आधी त्यांच्याकडे जा.

लेवाकन्या

आणि गाण्यांचं? सासूबाई तयार आहेत. फोनवर रेकॉर्ड करायचं तर काय काळजी घेऊ?

तापीमाई

ताई, आधी त्यांना विचारा की हे बाहेर ऐकवलं तर चालेल ना. मग पंखा बंद करा, फोन त्यांच्या जवळ उशीवर ठेवा. सुरुवातीला तुम्हीच बोला: गाणाऱ्या कोण, माहेर कुठलं, सासर कुठलं, गाणं कुणाकडून शिकल्या, आजची तारीख. मध्ये अडखळल्या, हसल्या, कुणी आत आलं, तरी कापू नका. एकट्या गायला लाजत असतील तर त्यांच्या दोन मैत्रिणी बोलवा. एकीला विसरलेली ओळ दुसरीला आठवते.

लेवाकन्या

मैत्रिणी बोलावते. रविवारी दुपारी तिघी येतात. पहिलं गाणं रात्री इथे टाकते, सासूबाईंनी हो म्हटलंय.